अर्धा दिवस येणे

दिवाळी अंकासाठी लेख मागणारे संपादकांचे पत्र दरवर्षी श्रावणात येते आणि त्यात दरवर्षी एकच वाक्य अधोरेखित केलेले असते : 'मजकूर हलकाफुलका असावा.' संपादकांचे बरोबरच आहे. हा अंक फराळाच्या ताटाशेजारी उघडला जायचा; चकलीचा तुकडा आणि लेखाचा परिच्छेद दोन्ही एकदमच घशाखाली उतरले पाहिजेत. म्हणून गेली कित्येक वर्षे मी या सदरात आमच्या चाळीतल्या, आगगाडीतल्या आणि मैदानावरच्या गमती सांगत आलो. वाचकांनी त्या गोड मानून घेतल्या. पण त्या सांगताना एक गोष्ट मी दर वेळी हळूच बाजूला सारली आहे. आता ब्याऐंशीवे सरले. आणखी किती दिवाळ्या सारीत बसणार? यंदा ती सांगून टाकतो. हलकीफुलकी वाटली नाही तर संपादकांनी मला दोष द्यावा, वाचकांनी संपादकांना.

आम्ही पाचजण गिरगावातल्या एकाच चाळीतले. खरी नावे सांगत नाही, कारण त्यांतल्या दोघांची नातवंडे हा अंक घेतात. टोपणनावांवर भागवू. पहिला लंबू. त्याच्या उंचीमुळे गॅलरीतले दिवे बदलण्याचे काम त्याच्याकडे असे आणि त्या बदल्यात त्याचे चेंडू कुणाच्या खिडकीवर आदळले तरी चाळ काणाडोळा करी. दुसरा मास्तर. तो कुठल्याच शाळेत शिकवीत नव्हता, पण दुसऱ्याच्या बोलण्यातले व्याकरण सुधारण्याची त्याला खोड होती. तिसरा तार. हा फोर्टातल्या तार ऑफिसात नोकरीला. चौथा खजिनदार, काळबादेवीला कापडाच्या दुकानात कारकून. पाचवा मी, मला टोपणनाव नव्हते, आणि आता वाटते, नव्हते तेच बरे.

खजिनदाराबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. आमच्या सहलींचे पैसे त्याच्याकडे असत. त्यासाठी त्याने लाल कापडी बांधणीची, लांबोडकी वही केली होती, जमेची बाजू आणि खर्चाची बाजू आखून. १९५७ साली सरकारने नवे पैसे आणले, तरी हा गृहस्थ पुढे कितीतरी वर्षे मनातला हिशेब आण्यांतच करी. एका आण्याचे सहा नवे पैसे आणि वर पाव. या पाव पैशाने त्याची झोप उडवली होती. "चौघांचे चार चहा, म्हणजे चार पाव पैसे, म्हणजे एक अख्खा पैसा. तो गेला कुठे?" असे तो कर्जत स्टेशनवर रात्री साडेअकरा वाजता विचारी. मास्तर म्हणे, "पैसा गेला नाही, पैसा गहाळ झाला." मग त्यावर वाद.

त्या काळी ट्रेकिंग हा शब्द आमच्या कानांवर आला नव्हता. आम्ही 'किल्ल्यावर जायचो'. शनिवारी रात्री बोरीबंदराहून पुण्याकडची गाडी धरायची, वळकटीत एक घोंगडी आणि पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, चार कांदे. राजमाचीला आम्ही दोन्ही वाटांनी गेलो आहोत. कर्जतकडून कोंडाण्याच्या लेण्यांवरून चढणारी वाट छातीवर येणारी, आणि लोणावळ्याहून जाणारी वाट लांबलचक, पण सोपी. सोपी म्हणजे उजेडात. १९६३ च्या जुलैत आम्ही ती रात्री, भर पावसात, एका बॅटरीवर चालायला घेतली. तासाभरात बॅटरी विझली. पावसाच्या आवाजात हाका ऐकू येईनात. तेव्हा तारने पिशवीतला ॲल्युमिनियमचा डबा काढला आणि चमच्याने त्यावर वाजवायला सुरुवात केली. टक्, टकटक्, टक्. पुढून डबा वाजे आणि मागून आम्ही त्या दिशेने पाय टाकायचे.

गंमत अशी, की मागून कुणीतरी त्याला तसेच उत्तर देऊ लागले. तो खजिनदार होता. काठीने दगडावर ठोकीत होता. ऑफिसातली ती कडकट्ट भाषा तारने त्याला गॅलरीत बसून महिनाभर शिकवली होती, आणि आम्हा तिघांना पत्ताही नव्हता. पहाटे उधेवाडीत एका घराच्या पडवीत पोचलो तेव्हा दोघे शेजारी बसून डब्यावर आणि जोत्यावर टकटक करीत होते आणि पोट धरून हसत होते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले ढगांतून वर आले होते. ते सोडून आम्ही तिघे या दोघांकडे खुळ्यासारखे बघत बसलो. मला, खरे सांगतो, हेवा वाटला. पाचांत दोघांची वेगळी भाषा असणे हे बाकीच्या तिघांना सोसवत नाही.

पुढे हे नेहमीचेच झाले. गाडीच्या लाकडी बाकावर टकटक. पावसाळ्यात कांगा लीगचे सामने बघायला आझाद मैदानाच्या कडेला छत्र्या घेऊन उभे राहिलो, की छत्रीच्या दांड्यावर टकटक. ही कांगा लीग १९४८ साली सुरू झाली, ती मुद्दाम पावसाळ्यातच खेळायची. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी घोट्याएवढा उडे, कधी नाकापर्यंत. गवतात हरवलेला चेंडू क्षेत्ररक्षक शोधताहेत आणि फलंदाज छत्रीतल्या प्रेक्षकांना विचारून धावा काढताहेत, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तिथे भिजून आल्यावर इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा. तो खर्च वहीत 'वैद्यकीय' या सदराखाली लागे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९६४ च्या ऑक्टोबरात बॉबी सिम्प्सनचा ऑस्ट्रेलियन संघ ब्रेबोर्न स्टेडियमवर कसोटी खेळायला आला. कसोटीचे तिकीट म्हणजे पाचही दिवसांचे मिळून एक. पाचजणांनी पाच तिकिटे काढण्याची आमची ऐपत नव्हती. वर्गणी काढून ईस्ट स्टँडचे एकच घेतले, खजिनदाराने पाच चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येकाला एक दिवस आला. मला पहिला, लंबूला दुसरा, खजिनदाराला तिसरा, मास्तरला चौथा आणि तारला पाचवा. पाचव्या दिवसाला तेव्हा कोणी विचारीत नसे. सामना एकतर आधी संपे, नाहीतर पाचव्या दिवशी दोन्ही कप्तान सभ्यपणे वेळ घालवीत. त्यात पाचवा दिवस १५ ऑक्टोबर, म्हणजे दसरा. तार काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "चारला माझी पाळी आहे. चहाच्या वेळेला मला निघावे लागेल." दसऱ्याला दुकाने बंद असतात, तारा बंद नसतात.

खजिनदाराच्या नशिबी मात्र तिसऱ्या दिवशी दुकानातून सुटी मिळाली नाही. तो दिवस लंबूने चापला. तेव्हा असे ठरले, की पाचव्या दिवशी तार बाहेर पडेल आणि उरलेला अर्धा दिवस खजिनदार बघेल. बाहेर येणाऱ्याला दारावर पास मिळे. तो पास तारने त्याच्या हातात द्यायचा. वेळ साडेतीन, जागा चर्चगेटच्या बाजूचे फाटक.

माझा पहिला दिवस यथातथाच गेला. दिवसभर ऑस्ट्रेलिया फलंदाजी करीत होती. पीटर बर्जने ऐंशी धावा काढल्या आणि माझ्या मानेवर ऊन पडले. पण पुढे सामना रंगत गेला. त्यांच्या ३२० ला आपण ३४१ नी उत्तर दिले, त्यांनी दुसऱ्या डावात २७४ केल्या, आणि शेवटच्या दिवशी आपल्याला एकूण २५४ धावांचे आव्हान उरले. दसऱ्याच्या दिवशी सकाळी आमच्या गॅलरीत रेडिओ लागला तेव्हा एकामागून एक गडी जात होते. १२२ वर सहावा गेला. चाळीतल्या बायकांनी रेडिओ बंद करून दारांना तोरणे बांधायला घेतली. मग पतौडी आणि विजय मांजरेकर यांनी पाय रोवले. दीडशे झाल्या, पावणेदोनशे झाल्या. मला घरात बसवेना. जेवणाचे ताट तसेच ठेवून मी चर्चगेटला गेलो.

तिकीट नसलेली माझ्यासारखी शेकडो माणसे भिंतीबाहेर उभी होती. आतून ओरडा उठला, की बाहेरचे एकमेकांना विचारीत, चौकार की बाद? ओरडा ऐकायचा आणि अर्थ लावायचा. तीन तास मी असा उभा राहिलो असेन. साडेतीनच्या सुमारास फाटकातून तार बाहेर आला. चेहरा लाल, सदऱ्याची बटणे उघडी. "दोनशेच्या वर गेलो!" एवढेच म्हणाला आणि इकडेतिकडे बघू लागला. "खजिनदार कुठे आहे?"

वाचकहो, पुढचे वाक्य माझ्या तोंडून कसे बाहेर पडले ते मला आजही सांगता येत नाही. मी ते ठरवून आलो नव्हतो. पण ते इतके तयार होते, की जणू सकाळपासून जिभेवर ठेवलेले असावे. मी म्हणालो, "तो येत नाही. दुकानातली पूजा लांबली. त्याने मला पाठवलेय."

तारने घड्याळात पाहिले, पास माझ्या हातात दिला आणि फाउंटनच्या दिशेने अक्षरशः पळत सुटला.

नंतरचे सगळे जगाला ठाऊक आहे. २१५ वर सातवा गडी बाद झाला. २२४ वर आठवा. तीस धावा, दोन गडी, आणि खेळपट्टीवर पुण्याचे चंदू बोर्डे व यष्टिरक्षक इंद्रजितसिंहजी. माझ्या शेजारचा एक पारशी म्हातारा प्रत्येक चेंडूला डोळे मिटून घेई आणि मला विचारी, "सूं थयुं?" शेवटी बोर्ड्यांनी विजयी फटका मारला आणि सगळे स्टेडियम मैदानात उतरले. मीही उतरलो. कुणाच्या तरी खांद्यावरून मी बोर्ड्यांची पाठ पाहिली. असा आनंद मला पुढे पहिल्या मुलाच्या वेळीच झाला, हे आमच्या घरात सांगितलेले नाही.

चाळीत परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्यात खजिनदार उभा होता, आपट्याची पाने घेऊन. पायांत वहाणा धुळीने माखलेल्या. ट्राम त्याच वर्षी ३१ मार्चला बंद झाली होती आणि बसचे पैसे त्याच्या मते चैनीत जमा होत, म्हणून तो काळबादेवीहून चर्चगेटला चालत आला होता. साडेतीनऐवजी पावणेचार झाले. "फाटकापाशी सामना संपेपर्यंत उभा होतो," तो म्हणाला. "तार कुठे होता?"

एकदा खोटे बोलल्यावर दुसऱ्याला वेळ लागत नाही. मी सांगितले, "त्याला घाई होती. पाच मिनिटेसुद्धा थांबायला तयार नव्हता. मी समोर दिसलो म्हणून पास माझ्या हातात कोंबला."

खजिनदार काही बोलला नाही. माझ्या हातात आपट्याचे पान ठेवून म्हणाला, "सोने घ्या, सोन्यासारखे राहा."

त्यानंतर टकटक बंद झाली. भांडण झाले असते तर बरे होते. भांडणात माणसे बोलतात, आणि बोलले असते तर दोन वाक्यांत माझे पितळ उघडे पडले असते. पण खजिनदार मानी आणि तार भिडस्त. एकाने विचारले नाही, दुसऱ्याने खुलासा केला नाही. गाडीत खजिनदार मास्तरशेजारी बसू लागला. किल्ल्यावर जायचे तर तारला नेमकी पाळी असे. लंबूने एकदा गाडीच्या बाकावर उगाच बोटे वाजवली, तर दोघांनीही दोन खिडक्यांतून बाहेर पाहिले. मला हे सगळे दिसत होते. सांगून टाकावे असे मी दर शनिवारी ठरवी आणि दर रविवारी पुढे ढकली. सात वर्षांत किती रविवार होतात याचा हिशेब खजिनदारानेच करावा.

सात वर्षे म्हणतो, कारण १९७१ साली, २४ ऑगस्टला, गणेशचतुर्थीच्या दिवशी, ओव्हलवर अजित वाडेकरच्या संघाने इंग्लंडला हरवले. चंद्रशेखरने अडतीस धावांत सहा बळी घेऊन त्यांचा डाव कापून काढला होता. संध्याकाळी सगळी चाळ एका ट्रान्झिस्टरभोवती गोळा झाली होती. पाटावर गणपती आणि पाटाशेजारी ट्रान्झिस्टर. अबिद अलीने चौकार मारला आणि लोकांनी आरतीच्या झांजा वाजवल्या. त्या गडबडीत खजिनदार आणि तार गॅलरीच्या टोकाला बराच वेळ उभे असलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना गाडीत पुन्हा टकटक सुरू! मी मनात म्हटले, वाडेकरने दोन देशांचा हिशेब चुकता केला आणि यांचाही. आता जुने उकरून काढण्यात काय हशील? मी सुटलो असे मला वाटले. पुढे कधी कधी ते दोघे टकटक करता करता माझ्याकडे बघून हसत. मला वाटे, ऑफिसातली काही गंमत असेल.

त्यानंतरची वर्षे झपाट्याने गेली, आणि ती सांगण्यासारखी नाहीत. लग्ने झाली, चाळ सुटली, कोणी डोंबिवलीला, कोणी मुलुंडला. वानखेडे स्टेडियम झाल्यावर कसोट्या तिकडे गेल्या. मास्तर १९९६ साली गेला, खजिनदार २००३ साली. लंबू मुलाकडे परदेशी राहायला गेला आणि तिकडेच राहिला.

२००९ च्या डिसेंबरात ब्रेबोर्नवर छत्तीस वर्षांनी पुन्हा कसोटी सामना झाला, श्रीलंकेविरुद्ध. तारचा फोन आला. "चल. ईस्ट स्टँड." तिसऱ्या दिवशी, ४ डिसेंबरला, सकाळी आम्ही दोघे म्हातारे कानटोप्या घालून गेलो, कारण आदल्या संध्याकाळी सेहवाग २८४ वर नाबाद होता. सोळाच धावा, की तिसरे त्रिशतक. सगळे स्टेडियम त्या सोळांसाठी आले होते. सेहवागने २९३ वर मुरलीधरनच्या हातात सरळ झेल दिला.

वीस हजार माणसे एकदम गप्प झाली की कसे वाटते, ते तिथे बसल्याशिवाय कळायचे नाही. त्या शांततेत मला १९६४ ची भिंत आठवली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "तार, त्या दसऱ्याला खजिनदाराने मला पाठवले नव्हते."

तो सेहवागकडे बघत टाळ्या वाजवीत होता. टाळ्या संपवून म्हणाला, "ठाऊक आहे. एकाहत्तर सालापासून."

गणपतीच्या रात्री गॅलरीत खजिनदाराने त्याला विचारले होते, पाच मिनिटे थांबला असतास तर काय बिघडले असते? आणि दोन वाक्यांत सगळे उलगडले होते.

"मग मला बोलला का नाहीत?"

"मी बोलणार होतो. त्याने बजावले. म्हणाला, मित्राकडे वसुलीला जायचे नसते, त्याने आपण होऊन आले पाहिजे. आम्ही वाट बघत होतो, लेका. प्रत्येक सहलीला त्याला वाटे, आज हा सांगेल. मला टकटक करून विचारायचा, 'आज?' आणि मी उलट टकटक करायचो, 'नाही.' त्यावर हसायचो." मग थोडा थांबून म्हणाला, "अखेरच्या आजारातसुद्धा. तू भेटून गेलास, की पलंगाच्या कडेवर."

मी उठून बाहेर जाऊ लागलो, तर त्याने हात धरून खाली बसवले. म्हणाला, "द्रविड खेळतोय, बस. आणि माझी कीव करू नकोस. बोर्ड्यांचा फटका मी पाहिला नाही खरा. पण तुम्ही सगळे मैदानात नाचत होता, तेव्हा 'भारत विजयी' म्हणून दिल्लीकडे जाणारी एक तार माझ्या हाताखालून गेली. खजिनदाराला मात्र काहीच मिळाले नाही. ना चेंडू, ना तार."

पुढच्या रविवारी मी मुलुंडला खजिनदाराच्या घरी गेलो. तारही बरोबर आला. मी मागितले नव्हते, पण आला. वहिनींना वाटले, आम्ही सहज आलो. मी लाल वहीचा विषय काढला, तशा त्या आतून ती घेऊन आल्या. त्यांनी सगळे कागद रद्दीत दिले होते, ही ठेवली होती. कर्जतचे चहा होते, दशम्यांना लागणारे तूप होते, 'वैद्यकीय' ब्रून मस्का होता. शेवटच्या पानावर सगळ्यांच्या नावावरची बाकी काढून रेघ मारली होती. लंबू, मास्तर, तार : पूज्य. माझ्या नावापुढे त्याच्या बारीक अक्षरात लिहिले होते : '१५-१०-६४. अर्धा दिवस. येणे.'

"हे काय आहे ते मला कधी उमगले नाही," वहिनी म्हणाल्या. "यांना विचारले, तर नुसते हसायचे. तुम्हाला लागतो का अर्थ, भावजी?"

मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे ते तुम्ही होय," आणि चहा टाकायला आत गेल्या. तारने चष्मा काढून पुसला.

चहा झाला. मी खिशातले पेन काढून विचारले, "वहिनी, ही ओळ आता खोडू का?"

त्यांनी वही माझ्यापुढून उचलली आणि पदराने तिच्यावरची धूळ पुसली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हिशेबात मी कधी हात घातला नाही."